विमान पडत कसं नाही? आणि असेच नेहमीचे प्रश्न

ओळखीतलं कोणी पहिल्यांदा विमानाने जाणार असलं की मला हमखास फोन येतो, कारण मला विमानांचा नाद आहे हे सगळ्यांना माहितीये, आणि प्रश्न पण ठरलेलेच असतात. एवढं जड धूड वर राहतं कसं, इंजिन बंद पडलं तर काय, हलायला लागतं तेव्हा नक्की काय होत असतं, आणि हा तर फिक्सच, मधेच कोणी दार उघडलं तर? दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकली की काम झालं. मी पायलट नाही, इंजिनिअरही नाही, वाचून बघून जमवलेली माहिती आहे, पण जमवलीये बऱ्यापैकी नीट.

मला विचाराल तर या सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. आपण हवेला खिजगणतीतच धरत नाही. डोक्यात चित्र असं असतं की खाली जमीन, वर विमान आणि मधे काहीच नाही, मग पोटात गोळा येणारच की. पण मधे काहीच नाही असं नाहीये ना. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली घ्या, तिच्यातल्या हवेचं वजन भरतं साधारण ५८ किलो, म्हणजे एक अख्खा माणूस. आणि आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे तो दर चौरस मीटरला जवळजवळ १० टन दाब देतो, आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हासुद्धा देतोय, फक्त सगळ्या बाजूंनी सारखा असतो म्हणून कळत नाही.

आता एअरबस ए३२० घ्या, जगात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या विमानांपैकी एक. पूर्ण भरलेलं असताना टेकऑफचं वजन जास्तीत जास्त ७८ टनांच्या आसपास, पंखांचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर. भागाकार केला की दर चौरस मीटरला येतात ६४० किलो. १० टनांपुढे ६४० किलो म्हणजे किती, तर फक्त सहा टक्के. म्हणजे पंखाच्या वरचा दाब आणि खालचा दाब यांच्यात हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहा टक्के एवढाच फरक पाडता आला की झालं, ७८ टन हवेत. मला वाटतं हा एक आकडा शाळेत सांगितला असता तर निम्म्या लोकांची भीती तिथेच गेली असती, पण शाळेत काय सांगतात?

शाळेत सांगतात ती गोष्ट अशी, की पंखाची वरची बाजू फुगीर असते म्हणून वरून जाणाऱ्या हवेचा रस्ता लांब पडतो, खालची हवा सरळ जाते, आणि दोघींना पंखाच्या मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायचं असतं म्हणून वरची हवा पळत सुटते, आणि पळणाऱ्या हवेचा दाब कमी म्हणून विमान वर. यातलं वरची हवा जोरात जाते आणि तिचा दाब कमी होतो एवढं खरंय. पण दोघींनी एकाच वेळी पोचायचं हे कोणी ठरवलं? त्यांची काय अपॉइंटमेंट आहे का मागे? केंब्रिज युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर होल्गर बाबिन्स्की यांनी पंखावरून धुराच्या रेघा सोडून त्याचं शूटिंग केलंय, नेटवर सापडेल, त्यात चक्क दिसतं की वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी मागे पोचते, दोघी परत भेटतच नाहीत. आणि लांब रस्ता हेच कारण असतं तर कसरती करणारी विमानं उलटी उडालीच नसती, त्यातल्या बऱ्याच विमानांचे पंख वरून खालून एकसारखे असतात. तरी ही गोष्ट अजून पुस्तकांमध्ये, क्विझमध्ये, सगळीकडे सुखाने नांदतेय, मला तिचा खरंच राग येतो.

मग खरं काय? पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. एवढंच. पंख जाताना पुढची कड किंचित वर ठेवून जातो, खालची हवा त्याच्या पोटाला लागून खाली वळते, चालत्या गाडीच्या खिडकीतून हात काढून तळवा जरा तिरपा केला की हात वर उचलला जातो तसं. हे पटकन पटतं. पण जास्त काम होतं ते वरच्या बाजूला, आणि तिथे लोकांचं लक्ष जात नाही. वरची हवा पंखाच्या गोलसर पाठीला धरून धरून जाते आणि पाठ खाली उतरली की तीपण खाली उतरते. आता हवा अशी वळायची तर बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि पंखालगत कमी असायलाच लागतो, नाहीतर ती सरळ निघून जाईल. तो जो पंखालगतचा कमी दाब आहे ना, तोच तुमचा लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर. म्हणजे बर्नुली बरोबर (हवेच्या दाबाने विमान वर) की न्यूटन बरोबर (हवा खाली ढकलली म्हणून विमान वर) यावर लोक ऑनलाईन जी भांडणं करतात ती फुकट आहेत, दाब मोजा नाहीतर खाली ढकललेली हवा मोजा, उत्तर एकच येतं.

ढकललेली हवा किती असेल याचा एक ढोबळ हिशोब करून बघा, मजा येते. ए३२० वर क्रूझला, म्हणजे चढून झाल्यावर एका उंचीवर सरळ जात असताना पंखांच्या रुंदीएवढा व्यास असलेला हवेचा गोल नळा तो वळवतोय असं धरायचं. पंखांची रुंदी ३५ मीटरच्या आसपास, वेग सेकंदाला २३० मीटर, आणि त्या उंचीवर हवा विरळ म्हणजे जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. गुणाकार केला की दर सेकंदाला ८० टनांच्या आसपास हवा येते, आणि तिला सेकंदाला सात-आठ मीटरच्या वेगाने खाली ढकललं की ६५ टनांचं विमान आरामात तरंगतं. दर सेकंदाला ८० टन! हवा म्हणजे काहीच नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवावा.

मधे मधे एक बातमी फिरत असते की विमान का उडतं हे शास्त्रज्ञांनाच अजून कळलेलं नाही. अहो कळलंय, चांगलं कळलंय. नवीन विमान बनवताना त्याचा लिफ्ट किती येणार हे पहिलं उड्डाण व्हायच्या कितीतरी आधी कॉम्प्युटरवर आणि विंड टनेलमध्ये, म्हणजे नमुन्यावर वारा सोडून बघायच्या बोगद्यात, काढलेलं असतं आणि ते जुळतंही. वाद असलाच तर एका वाक्यात कसं समजावायचं यावर आहे. राईट बंधूंनीसुद्धा १९०१ मध्ये स्वतःचा छोटा विंड टनेल बनवून शेकड्याने पंखांचे नमुने तपासले होते, कारण तेव्हा जे आकडे प्रचलित होते त्यांच्यावर विसंबून केलेल्या ग्लायडरला ठरल्यापेक्षा फारच कमी लिफ्ट मिळत होता.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायलाच पाहिजे. ती वरची हवा पाठीला धरून जाते म्हटलं ना, ती काही वाट्टेल तेवढी धरून राहत नाही. पंखाचं नाक साधारण १५ अंशांच्या पुढे वर केलं, विमानागणिक थोडं कमीजास्त, की हवा पाठ सोडते, नुसते भोवरे होतात आणि लिफ्ट धपकन कमी होतो. याला स्टॉल म्हणतात आणि इंजिन छान चालू असतानाही तो होऊ शकतो. खोटा धीर द्यायचा नाही म्हणून सांगतो, १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये पडलं ते असंच, वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने थोड्या वेळासाठी चोंदल्या, ऑटोपायलट सुटला, गोंधळात नाक वर खेचलं गेलं ते जवळजवळ शेवटपर्यंत वरच राहिलं, दोन्ही इंजिनं चालू असताना साडेतीन मिनिटांत विमान समुद्रात, २२८ माणसं गेली. उपाय साधा आहे, नाक खाली करायचं म्हणजे हवा परत पंखाला धरते, आणि पायलटच्या शिक्षणात हा अगदी सुरुवातीचा धडा असतो. त्या अपघातानंतर मोठ्या विमानांच्या पायलटांना हे नव्याने घोटून घ्यायला लावलंय.

आता इंजिनचा प्रश्न. वरचं सगळं वाचलं असेल तर याचं उत्तर तुम्हीच देऊ शकता. विमानाला वर धरतो पंख, इंजिनाचं काम त्याला पुढे ढकलायचं. इंजिन बंद झालं तर विमान दगडासारखं पडत नाही, ते घसरत उतरतं, उंची खर्च करून वेग टिकवतं. प्रवासी जेट एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण १७ किलोमीटर पुढे जातं. म्हणजे ३५,००० फुटांवर दोन्ही इंजिनं गेली तर हातात दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटं आहेत. आणि गंमत म्हणजे नेहमीच्या प्रवासातसुद्धा उतरायला सुरुवात झाली की इंजिनं बरेचदा आयडलवर असतात, म्हणजे नुसती गुरगुरत असतात, ढकलत जवळपास काहीच नाहीत. तुम्ही ग्लायडरमध्येच बसलेले असता, फक्त कोणी अनाउन्समेंट करत नाही.

हे कागदावरचं झालं, पण प्रत्यक्षात झालंय का, तर झालंय. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं ए३३० अटलांटिकवर असताना इंधन गळून दोन्ही इंजिनं बंद पडली, अंधारात जवळजवळ १९ मिनिटं तरंगत ते अझोर्स बेटांवर उतरलं, ३०६ जण होते, सगळे वाचले. त्याच्या आधी १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये किलो आणि पौंडांच्या गोंधळात निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं आणि ४१,००० फुटांवर टाक्या कोरड्या! कॅप्टनला ग्लायडर उडवायची सवय होती, त्याने ते गिम्ली नावाच्या गावात हवाई दलाच्या बंद पडलेल्या तळावर उतरवलं, जिथे त्या दिवशी गाड्यांच्या शर्यतींचा कार्यक्रम चालू होता. कोणी दगावलं नाही. १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद झाली, खाली उतरत राखेच्या बाहेर आल्यावर परत चालू झाली. आता अशा घटना मोजक्या आहेत म्हणूनच त्यांच्या तारखा पाठ होतात हेही लक्षात घ्या.

एकच इंजिन गेलं तर त्याला पायलट लोक फार मोठं संकट मानत नाहीत, त्याची प्रॅक्टिस ते सिम्युलेटरमध्ये नियमित करतात. टेकऑफ करताना एक वेग आधीच काढलेला असतो, तो ओलांडल्यावर इंजिन गेलं तर थांबायचं नाही, उरलेल्या एका इंजिनावर वर जायचं, आणि विमान तेवढं करू शकतं हे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानगीच मिळत नाही. ए३५० ला तर विमानतळापासून एका इंजिनावर ३७० मिनिटं लांब असलेल्या रूटपर्यंत मान्यता आहे, सहा तासांच्या वर झाले.

याच्यात एक प्रश्न इंटरनेटवर कायमचा पेटलेला असतो. विमान ट्रेडमिलवर ठेवलं आणि चाकं जेवढी पुढे फिरतात तेवढाच पट्टा मागे फिरवला तर ते उडेल का? उडेल. गाडीचं इंजिन चाकांना फिरवतं, विमानाचं इंजिन हवेला मागे फेकतं, चाकं बिचारी नुसती मोकळी फिरत असतात. पट्टा मागे गेला तर चाकं अजून जोरात फिरतील, विमान आपलं पुढे जाणार. यावर लोक तासन् तास भांडतात पण मुद्दा एवढाच आहे की विमानाचं सगळं नातं हवेशी आहे, जमिनीशी नाही.

आणि हे नातं समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. १७ डिसेंबर १९०३ ला राईट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं, म्हणजे आजच्या ए३२० च्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तेवढंच, पण त्या दिवशी समोरून ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा होता. जमिनीवरून बघणाऱ्याला ते माणूस जॉगिंग करतो त्या वेगाने जाताना दिसलं असेल, पंखाला मात्र ताशी ५० किलोमीटरच्या वरची हवा मिळत होती, आणि पंखाला फक्त तेच कळतं. म्हणूनच विमानतळावर वारा ज्या बाजूने असेल त्या बाजूला तोंड करून विमानं उडतात आणि उतरतात. याच्या उलटं उदाहरण बघा, फेब्रुवारी २०२० मध्ये एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने वेग मधे मधे ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. मग आवाजाची भिंत तुटली का, म्हणजे विमान आवाजापेक्षा जोरात गेलं का? नाही, कारण ते ज्या हवेत होतं ती हवाच वादळी जेट स्ट्रीममुळे, म्हणजे उंचावरच्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यामुळे, ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने पूर्वेला चालली होती, हवेच्या हिशोबाने विमान आपल्या रोजच्याच वेगात. पूर्वेला जाताना वेळ कमी लागतो तो या वाऱ्यांमुळे, पृथ्वी खालून फिरते म्हणून नाही. पृथ्वीबरोबर हवापण फिरते आणि विमान हवेत असतं.

उन्हाचं पण तसंच. गरम हवा पातळ, पंखाला आणि इंजिनाला दोघांनाही कमी माल मिळतो, मग जास्त लांब धावायला लागतं नाहीतर वजन कमी करायला लागतं. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा ४८ च्या आसपास गेला तेव्हा छोट्या जेटच्या बऱ्याच फ्लाइट रद्दच केल्या होत्या, कारण किती तापमानाला विमान कसं उडेल याचे त्या विमानांचे तक्ते तेवढ्या तापमानापर्यंत जातच नव्हते.

टर्ब्युलन्सवर, म्हणजे विमान हलायला लागतं त्यावर, मी जरा जास्त बोलणार आहे कारण भीतीचा मोठा हिस्सा इथे आहे. एअर पॉकेट म्हणून लोक जे म्हणतात तसा हवेत कुठे खड्डा नसतो, रिकामी जागा तर अजिबातच नसते. हवेचे वर जाणारे आणि खाली येणारे झोत असतात, विमान एकातून दुसऱ्यात गेलं की पंखाला हवा वेगळ्या कोनातून लागते, लिफ्ट क्षणभर वाढतो किंवा कमी होतो आणि आपल्याला गचका बसतो. आपल्याला वाटतं हजार फूट खाली आलो, बहुतेक वेळा असतात काही फूट किंवा फार तर दहा-वीस फूट. पोटाला उंची कळत नाही, पोटाला कळतो तो वेगात झालेला बदल, आणि तो बदल अर्ध्या सेकंदाचा असला तरी पोट बोंब मारतंच.

मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या ७७७ चं उदाहरण घ्या, एक प्रवासी दगावला आणि बरेच जण जबर जखमी झाले, फार वाईट प्रकार होता. तेव्हा सगळीकडे छापून आलं की विमान ६,००० फूट कोसळलं. चौकशीच्या प्राथमिक अहवालात काय निघालं, तर ज्या काही सेकंदांत माणसं वर फेकली गेली त्यात विमान खाली आलं होतं १७८ फूट, साडेचार सेकंदांच्या आसपास. ते ६,००० फूट नंतरचे, पायलटने स्वतः ठरवून केलेलं उतरणं. पण १७८ फूटसुद्धा इतक्या पटकन झाले की विमान खाली गेलं आणि पट्टा न लावलेली माणसं होती तिथेच राहिली, म्हणजे छताला जाऊन आदळली. म्हणून माझं एकच मत आहे, पट्ट्याची लाईट बंद असली तरी बसल्या जागी पट्टा सैलसर का होईना लावून ठेवायचा. टर्ब्युलन्सने विमान मोडत नाही हो, आतली माणसं मोडतात.

विमान का मोडत नाही, तर त्याला मोडून बघितलेलं असतं म्हणून. नियम असा की आयुष्यात येऊ शकेल असा जास्तीत जास्त भार ठरवायचा आणि पंखाने त्याच्या दीडपट सहन करून दाखवायचं. जानेवारी १९९५ मध्ये बोइंगने ७७७ चे पंख दोरखंडांनी वर ओढत ओढत शेवटी तोडूनच बघितले, ते त्या भाराच्या १५४ टक्क्यांना तुटले. २०१० मध्ये ७८७ च्या टेस्टमध्ये पंखाचं टोक २५ फूट वर वाकवलं होतं. त्यामुळे खिडकीतून पंख वरखाली हलताना दिसला तर बरं वाटायला पाहिजे, न वाकणारा पंख जास्त धोक्याचा.

दार. क्रूझला असताना केबिनमध्ये ६,००० ते ८,००० फुटांवर असते तेवढी हवा ठेवतात आणि बाहेर तिच्या निम्म्याहून बरीच कमी. फरक पडतो दर चौरस मीटरला साडेपाच टनांचा. दीड चौरस मीटरचं दार धरलं तर आठ टन वजन त्याला आतून चौकटीवर दाबून बसलंय, आणि बहुतेक प्रवासी विमानांची दारं अशीच बनवतात की हा दाब त्यांना बंदच ठेवेल. कितीही ताकदवान माणूस असू दे, हलणार नाही. जमिनीच्या जवळ मात्र हा फरक राहत नाही, त्यामुळे मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात लँडिंगच्या आधी दोन-सव्वादोनशे मीटरवर एका प्रवाशाने ए३२१ चं इमर्जन्सी दार उघडलं ते उघडलं गेलं. विमान तसंच उतरलं, कोणी बाहेर पडलं नाही.

याच दाबामुळे खिडक्या गोलसर असतात. १९५४ मध्ये डी हॅविलंड कॉमेट नावाची दोन जेट विमानं हवेत फुटली, आणि कारण कळेना, मग इंग्लंडमध्ये अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवून पुन्हा पुन्हा दाब चढवून उतरवून बघितला, आणि दिसलं की चौकोनी कोपऱ्यांपाशी ताण गोळा होऊन तिथे धातू थकून चिरतो. आणि खिडकीच्या काचेत खाली ते बारीक भोक दिसतं, त्याला घाबरू नका, ते मधल्या काचेला मुद्दाम पाडलेलं असतं, त्याने दाबाचा सगळा भार बाहेरच्या काचेवर राहतो आणि खिडकीवर वाफ धरत नाही.

आवाजांबद्दल सांगितलं की लोकांना सगळ्यात जास्त बरं वाटतं असा माझा अनुभव आहे. टेकऑफनंतर पहिल्या मिनिटाभरात धाडकन आवाज येतो ती चाकं आत गेली. त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो, अनेकांना वाटतं गेलं इंजिन. काही गेलेलं नसतं, १,०००-१,५०० फुटांच्या आसपास टेकऑफची पूर्ण ताकद कमी करून चढायच्या ताकदीवर आणतात, त्याच सुमाराला नाकही थोडं खाली घेतात. विमान वर जातच असतं पण चढण्याचा जोर कमी झाला की कानातलं तोल सांभाळणारं यंत्र त्याचा अर्थ खाली चाललो असा लावतं, आणि बाहेर ढग असले तर डोळे त्याला खोडून काढू शकत नाहीत. मग मोटरची घरघर येते ती फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बाहेर काढलेले भाग, आत जाताना. आणि ए३२० मध्ये बसलात, अजून जमिनीवरच आहात आणि पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखं आलं, तर तो हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिस्टिमचा, पंप आहे, एका बाजूच्या सिस्टिमचा दाब दुसरीला पुरवतो. ते बंद असेल तर मला उलट चुकल्यासारखं होतं.

वीज पडली तर? पडतेच. सरासरी प्रत्येक प्रवासी विमानावर वर्षातून एखाददा पडते, बाहेरच्या धातूच्या पत्र्यावरून वाहते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. कार्बन फायबरच्या विमानांत त्यासाठी तांब्याची जाळी घातलेली असते. १९६३ मध्ये अमेरिकेत एक ७०७ विजेने टाकीतल्या इंधनाच्या वाफा पेटून पडलं होतं, टाक्यांचे नियम त्यानंतर कडक झाले.

मागे पांढरी रेघ दिसते तो धूर नाही, बर्फ आहे. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाणी तयार होतं, कारण त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो, आणि बाहेर उणे ५० ला ती वाफ क्षणात गोठते. रात्री टेकऑफ-लँडिंगला आतली लाईट मंद करतात ते डोळे अंधाराला सरावलेले असावेत म्हणून, घाईने विमानाबाहेर पडायची वेळ आलीच तर. फोन फ्लाइट मोडवर नाही ठेवला तर विमान पडत नाही, पण पायलटच्या हेडफोनमध्ये खरखर येऊ शकते आणि नेमकी लँडिंगच्या सूचना ऐकताना, त्यामुळे ठेवा की राव, काय जातंय.

शेवटचं लँडिंग. दणकन उतरलं की लोक पायलटला नावं ठेवतात आणि अलगद उतरलं की टाळ्या. रनवे ओला असेल, तोकडा असेल तर पायलट मुद्दाम ठामपणे टेकवतो, कारण चाकांनी पाण्याचा थर फोडून जमीन धरायला पाहिजे, नाहीतर ती पाण्यावर घसरत जातात आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. टेकल्या टेकल्या पंखावरच्या पट्ट्या खाडकन उभ्या राहतात ते बघितलंय का? पंखाच्या जवळची खिडकी मिळाली तर दिसतं. विमान तेव्हाही ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असतं, पंख अजून लिफ्ट देतच असतो, आणि त्या पट्ट्या त्याचा लिफ्ट मोडून टाकतात, मग कुठे सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक धरतात. अलगद, लांबवत लांबवत केलेल्या लँडिंगमध्ये तेवढा रनवे फुकट मागे पडलेला असतो.